एकाचे दोन का दिसतात? डोळ्यांच्या हालचालींची तपासणी



या पानावर आम्ही नेहमी डोळ्याविषयीच लिहीत असतो. पण तो उसाचा डोळा. बेणे नऊ-दहा महिन्यांचे असावे, डोळा फुगीर असावा, टिपरी मांडताना डोळे बाजूला येतील अशी मांडावी, हे सांगून आमचा घसा कोरडा पडला आणि ऐकून तुमचे कान किटले असतील. आज मात्र माणसाच्या डोळ्याविषयी लिहायचे आहे. आम्ही शेतकी पदविकेचे माणूस, वैद्यकीचे नव्हे. तेव्हा औषध सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु जे प्रत्यक्ष पाहिले, डॉक्टरांकडून समजून घेतले आणि जे ठाऊक नसल्यामुळे आपल्यातले एक सभासद रात्रीच्या रस्त्यावर मोठ्या अपघातातून थोडक्यात वाचले, ते सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

गेल्या हंगामातील गोष्ट. गट कार्यालयात एक जुने सभासद आले. नाव सांगण्याचे कारण नाही. वय साठीच्या आसपास, स्वतःचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या; ऊस वाहतूक मुलगा आणि ते आलटून-पालटून करतात. खुर्चीवर बसले ते तोंड उजवीकडे वळवून. बोलत होते आमच्याशी, पण चेहरा खिडकीकडे. आम्हाला वाटले, तोडीची तारीख लांबली म्हणून स्वारी रुसली असावी.

"काकाजी, नाराज आहात काय?" आम्ही विचारले.

"नाराज नाही जी साहेब. असं बसलं की तुम्ही एक दिसता. सरळ पाह्यलं की दोन साहेब दिसून राह्यले."

कार्यालयात हशा पिकला, पण पुढचे ऐकून तो थांबला. दोन दिवसांपूर्वी रात्री भरलेल्या ट्रॉल्या घेऊन काट्याकडे येताना पुढच्या वाहनाचे लाल दिवे त्यांना दुप्पट दिसले. खरे कोणते आणि खोटे कोणते, समजेना. त्यांनी शहाणपणाने गाडी बाजूला लावली आणि मुलाला बोलावून घेतले. तोवर महिनाभरात त्यांनी दोनदा चष्मा बदलला होता. दोन्ही वेळा पाटीवरची शेवटची ओळसुद्धा वाचली होती. "डोळे तर चांगले आहेत म्हणते, मंग दोन कायचे दिसते?" हा त्यांचा प्रश्न होता, आणि प्रश्न अगदी रास्त होता.

एकेक बैल धडधाकट, पण बंडी वाकडी

याचे उत्तर आम्हाला नागपुरात धरमपेठेत मिळाले. मोरभवनला एस. टी. तून उतरून काकाजींना घेऊन आम्हीच गेलो होतो. धरमपेठेत वेस्ट हायकोर्ट रोडने जाताना ऑटोत बसल्या बसल्या ते एकदा उजवा आणि एकदा डावा डोळा हाताने झाकून रस्ता पाहत होते. कोणताही एक डोळा झाकला की रस्त्यावरचा दिवा एक. दोन्ही उघडे ठेवले की दोन. पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न नेमका हाच विचारला: "एक डोळा झाकल्यावर दुसरे चित्र जाते का?"

बंधूंनो, सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढा एक प्रश्न लक्षात ठेवा. एक डोळा झाकूनही उरलेल्या एकट्या डोळ्याला दोन दिसत असतील, तर दोष बहुधा त्या डोळ्याच्या काचेत असतो. म्हणजे मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, डोळ्याचा कोरडेपणा वगैरे. पण कोणताही एक डोळा झाकल्याबरोबर दुहेरीपणा नाहीसा होत असेल, तर प्रत्येक डोळा आपापल्या जागी ठीक आहे. बिघाड आहे तो दोघांच्या जोडीत. चष्म्याचा नंबर काढताना एका वेळी एकच डोळा तपासतात. एकेक बैल सोडून पाहिला तर दोन्ही धडधाकट. जुवाला जोडले की बंडी वाकडी जाते, तसे हे आहे. म्हणून काकाजींच्या दोन्ही चष्म्यांचा उपयोग झाला नाही. त्यात चष्मेवाल्याचाही दोष नव्हता. प्रश्नच त्याच्या पाटीबाहेरचा होता.

सहा दोऱ्या आणि एक कप्पी

डोळ्याचे बुबुळ इकडून तिकडे फिरते ते आपोआप नव्हे. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू बांधलेले असतात. त्यांना दोऱ्या म्हणा किंवा कासरे म्हणा. चार सरळ: एक कानाकडे ओढणारा, एक नाकाकडे, एक वर व एक खाली. उरलेले दोन तिरपे. त्यांतला वरचा तिरपा स्नायू तर मोठा गमतीचा आहे. तो खोबणीच्या मागून पुढे येतो, नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यात एका कप्पीतून वळतो आणि मग मागे जाऊन डोळ्याला चिकटतो. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. नाडा चाकावरून वळला की बैल पुढे चालतो आणि मोट मात्र वर येते. तसाच हा स्नायू ओढला गेला की डोळा खाली जातो.

या सहा दोऱ्यांना हुकूम पोहोचवणाऱ्या नसा मेंदूकडून येतात. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी तीन या कामावर आहेत. तिसरी नस सहांपैकी चार स्नायू सांभाळते आणि वरची पापणीही उचलते. चौथी फक्त त्या कप्पीवाल्या स्नायूसाठी, आणि सहावी फक्त डोळा कानाकडे नेणाऱ्या स्नायूसाठी. वितरिका बंद झाली तर तिच्यावरचे सगळे शेत वाळते आणि एक शेतचारी फुटली तर एकच बांध कोरडा राहतो. त्याप्रमाणे कोणता भाग कोरडा आहे ते पाहून पाणी कुठे अडले ते सांगता येते. डोळ्याच्या हालचालींची तपासणी म्हणजे नेमके हेच पाटपाणी पाहणे होय.

आणखी एक नियम समजून घेण्याजोगा आहे. उजवीकडे पाहायचे तर उजव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू आणि डाव्या डोळ्याचा आतला स्नायू, असे दोघे एकदम ओढले गेले पाहिजेत. मेंदू या दोघांना सारख्याच जोराचा हुकूम देतो. एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १८६८ साली हा नियम मांडला. डोळ्याचे डॉक्टर अशा स्नायूंच्या जोडीला इंग्रजीतही जुवाचाच शब्द वापरतात, हे ऐकून आम्हाला मौज वाटली. जुवाखालचा एक बैल थकला आणि गाडीवानाने आरोळी ठोकली तर थकलेला जेमतेम चालतो, आणि धडधाकट बैल मात्र तीच आरोळी ऐकून धाव घेतो. डोळ्यांचेही तसेच होते. दुबळ्या डोळ्याने वस्तू धरून ठेवायला लावले की निरोगी डोळा प्रमाणाबाहेर वळतो. एकेक डोळा झाकून-उघडून डॉक्टर हा फरक मोजतात आणि त्यावरून दुबळा कोण व नवा बिघाड आहे की जुना, याचा अंदाज बांधतात.

बोटामागे नजर: तपासणी कशी होते

धरमपेठेतल्या त्या खोलीत ही तपासणी सुरू झाली ती एका साध्या पेनाने. डॉक्टरांनी काकाजींची हनुवटी सरळ केली आणि सांगितले, "डोके हलवायचे नाही, फक्त नजर फिरवा. आणि प्रत्येक ठिकाणी सांगा, एक की दोन." मग पेन हातभर अंतरावर धरून उजवीकडे नेले, तिथून वर, तिथून खाली. पुन्हा मध्ये आणून डावीकडे. तिथून वर, तिथून खाली. हवेत दोन उभ्या रेघा आणि त्यांना जोडणारी एक आडवी रेघ काढावी, शिडीचे दोन खांब व मधली एक पायरी असावी, तसा हा आकार झाला.

आम्ही विचारले, सरळ वर-खाली का नाही नेले? त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. डोळ्यांच्या खोबण्या समोर सरळ नसून मागून पुढे येताना बाहेरच्या बाजूला फाकलेल्या आहेत. त्यामुळे वर-खाली ओढणारे सरळ स्नायू नजरेच्या रेषेशी सुमारे २३ अंश तिरपे बसलेले असतात. डोळा समोर असताना सरळ आणि तिरपे स्नायू मिळून काम करतात. एक ढिला पडला तरी दुसरा त्याची झाकपाक करतो. पण डोळा कानाकडे वळवला की वर-खाली नेण्याचे काम मुख्यतः सरळ स्नायूंवर पडते, आणि नाकाकडे वळवला की ते तिरप्यांवर पडते. मजुरांची टोळी एकत्र काम करीत असताना कामचुकार ओळखू येत नाही. प्रत्येकाला वेगळी सरी वाटून दिली की लगेच कळते. त्या सहा दिशा म्हणजे सहा जणांना वाटून दिलेल्या सहा सऱ्या.

पेन डावीकडे असताना काकाजी म्हणाले, "एकच." मध्ये आल्यावर म्हणाले, "दोन, पण जवळ जवळ." उजवीकडे नेल्यावर म्हणाले, "आता लय दूर दूर गेले जी." आम्ही स्वतः पाहिले, त्यांचा डावा डोळा नाकापर्यंत व्यवस्थित वळला, पण उजवा डोळा मध्यापासून थोडा पुढे जाऊन थबकला. कानाकडच्या कोपऱ्यात पांढरे तसेच शिल्लक राहिले. मग डॉक्टरांनी त्यांचा उजवा डोळा झाकून विचारले, "कोणते पेन गेले?" उत्तर आले, "टोकाचे, उजवीकडचे." नियम असा की ज्या दिशेला दोन चित्रांतले अंतर सर्वांत जास्त, त्या दिशेचा स्नायू दुबळा, आणि लांबचे चित्र ज्या डोळ्याचे, तो डोळा दोषी. दोन प्रश्नांत निदान हाती आले: उजव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू, म्हणजे सहावी नस.

आता तोंड वळवून बसण्याचे कोडेही सुटले. चेहरा उजवीकडे वळवला की समोरच्या माणसाकडे पाहताना दोन्ही डोळे डावीकडे राहतात आणि दुबळ्या स्नायूला काम पडत नाही. काकाजींनी स्वतःच्या नकळत ही सोय शोधून काढली होती. असा कायम मान वाकडी करणारा माणूस घरात दिसला तर त्याला सवय म्हणून सोडून देऊ नये.

पुढे एका पडद्यासमोर बसवून, एका डोळ्यावर लाल व दुसऱ्यावर हिरवी काच लावून नजरेचा नकाशा काढला. या पडद्याला हेस यांचे नाव आहे. वॉल्टर रुडॉल्फ हेस हे स्वित्झर्लंडचे डॉक्टर. १९०८ साली त्यांनी ही पद्धत काढली आणि पुढे मेंदूवरील दुसऱ्या संशोधनासाठी १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कागदावर दोन चौकोन उमटतात. लहान, आकसलेला चौकोन दुबळ्या डोळ्याचा. आपण प्लॉटची नोंद ठेवतो तशी ही नोंद. पुढच्या भेटीत नवा नकाशा जुन्याशेजारी ठेवला की सुधारणा किती झाली ते दिसते.

दोरी ढिली का पडते?

काकाजींच्या बाबतीत कारण रक्तात सापडले. मधुमेह त्यांना सात-आठ वर्षांपासून होता, पण गोळ्या हंगाम सुरू झाला की बंद. रक्तदाबही वाढलेला. साखर आणि रक्तदाब यांनी नसेला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी बंद पडते आणि नस काही काळ थंडावते. साखर काढण्याच्या धंद्यात आपले आयुष्य गेले, पण अंगातली साखर मोजायला आपल्याला सवड नाही, ही खेदाची गोष्ट आहे. अशा कारणाने थकलेली नस बहुतेक वेळा तीन ते सहा महिन्यांत पुन्हा कामाला लागते. डॉक्टरांनी साखर व रक्तदाब ताब्यात आणायला सांगितले, तोवर एका डोळ्यावर पट्टी आणि वाहन चालवणे पूर्ण बंद. "तीन महिन्यांत फरक नाही पडला किंवा दुसरे काही लक्षण दिसले, तर डोक्याचा फोटो काढू," असेही बजावले.

पण प्रत्येक वेळी कारण इतके सौम्य नसते. आम्ही समजून घेतले ते असे:

१. पापणी अचानक मिटली, डोळा बाहेर व खाली गेला, बाहुली मोठी झाली आणि डोके फुटेल असे दुखत असेल, तर मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आल्याची शक्यता असते. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

२. दोन दिसण्याबरोबर तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हात-पाय लुळा पडणे हे अर्धांगवायूचे लक्षण. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. १०८ ला फोन करावा. मालिश करीत बसू नये.

३. मोटारसायकलवरून पडल्यावर डोक्याला मार लागला आणि नंतर जिना उतरताना किंवा वाचताना एकाखाली एक अशी दोन चित्रे दिसू लागली, तर चौथ्या नसेला धक्का बसलेला असतो. असा माणूस मान एका खांद्याकडे कलती ठेवतो.

४. सकाळी ठीक, संध्याकाळी पापण्या जड आणि दोन दिसणे, असे असेल तर नस नव्हे, नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचण्याच्या जागी बिघाड असतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस असे या आजाराचे नाव. अभिनेते अमिताभ बच्चन यांना १९८० च्या दशकात हा आजार झाल्याचे पुष्कळांना आठवत असेल. याची तपासणी सोपी आहे. रुग्णाला मिनिटभर वर पाहत राहायला सांगतात. पापणी हळूहळू खाली घसरते. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवला की ती पुन्हा वर येते.

५. फवारणीच्या विषबाधेतही डोळा बोलतो. काही कीटकनाशकांनी आधी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, डोळ्यांना पाणी येते. तो रुग्ण बरा वाटून घरी आला, तरी पुढच्या एक ते चार दिवसांत डोळे फिरेनासे होणे, मान उशीवरून उचलता न येणे आणि मग श्वास मंदावणे असा दुसरा टप्पा येऊ शकतो. तेव्हा "आता बरं वाटते" म्हणून डॉक्टरांनी सोडण्यापूर्वी रुग्णालयातून उठून येऊ नये.

कोपीतली रात्र

आता जी गोष्ट सांगणार आहोत ती ऊसतोड मजुरांच्या आणि रात्री पाणी धरणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची आहे. डोळ्याच्या हालचालीची तपासणी सर्वांत तातडीची ठरते ती सर्पदंशात.

मण्यार हा साप रात्री हिंडतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखणे फारसे नसते, सूज नसते, पुष्कळदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखते म्हणून उठतो, घरचे ओवा देतात, आणि मग त्याच्या पापण्या जड होऊ लागतात. "झोप येऊन राह्यली असंल," असे म्हणून त्याला पुन्हा निजवतात. इथेच घात होतो. ती झोप नसते, विष असते. मण्यार आणि नाग यांचे विष नसेकडून स्नायूला जाणारा हुकूम अडवते, आणि ते आधी उघडकीला येते पापणी व डोळ्यांच्या लहान स्नायूंत. मागून घसा आणि छाती. म्हणजे पापणी ही पहिली घंटा आहे. श्वास ही शेवटची.

म्हणून कोपीत रात्री-पहाटे कोणी अचानक पोटदुखी, गिळायला त्रास, धूसर किंवा दुहेरी दिसणे अशी तक्रार केली, तर त्याला वर पाहायला सांगा. पापण्या पुऱ्या उघडतात का? बोटामागे नजर दोन्हीकडे फिरते का? एका श्वासात किती आकडे मोजता येतात? उत्तर वाईट असेल तर साप दिसो वा न दिसो, चावल्याची खूण मिळो वा न मिळो, वाहन काढा. उत्तर चांगले असले आणि दंशाचा संशय असला, तरीही वाहन काढाच. ही तपासणी गाडीत बसल्यावर दर दहा-पंधरा मिनिटांनी करायची आहे, घरी थांबून नव्हे. डॉक्टरांना सांगा की पापण्या अमुक वाजता पडू लागल्या. त्या माहितीचे मोल फार आहे.

हात-पाय आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये. अवयव हलू न देता रुग्णाला आडवे न्यावे. सर्पविषावरची आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामात अनेक दशकांचे आहे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. विंचूदंश व सर्पदंश यांवर त्यांनी जन्मभर खेड्यातल्या रुग्णांमध्ये जे काम केले, त्याचा धडा आपल्यासाठी हाच की उपचार आहे, पण तो वेळेवर पोहोचला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मण्यारीच्या दंशात रुग्ण पूर्ण लुळा पडतो, डोळे उघडत नाहीत, फिरत नाहीत, कधी बाहुलीसुद्धा उजेडाला दाद देत नाही. पाहणाऱ्याला वाटते, संपले. पण आत तो शुद्धीवर असू शकतो, आपले बोलणे ऐकत असू शकतो. आणि यंत्रावर श्वास चालू ठेवला तर काही दिवसांत तो उठून बसल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा डॉक्टरांनी सांगेपर्यंत कोणाला मेलेला समजू नका.

खबरदारीचा उपाय स्वस्त आहे. जमिनीवर न झोपता खाट, कडा नीट खोचलेली मच्छरदाणी आणि उशाशी बॅटरी. मुकादमांना आणि टोळी आणणाऱ्या सभासदांना आमची विनंती आहे की कोप्या पडतील त्या दिवशीच एवढे पाहावे.

लहान मुलांचे तिरळेपण

तिरळी नजर भाग्याची, असे म्हणून मुलांचे तिरळेपण कौतुकाने घेण्याची रीत अजून काही घरांत आहे. ती सोडली पाहिजे. मुलाला दोन दिसत नाहीत, कारण त्याचा मेंदू एका डोळ्याचे चित्र बंदच करून टाकतो. आणि वापर नसलेला तो डोळा मंद होत जातो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी किंवा शस्त्रक्रिया झाली तर नजर वाचण्याची शक्यता बरीच असते. जितका उशीर, तितके यश कमी. घरी एक सोपी परीक्षा करता येते. हातभर अंतरावरून बॅटरी धरा. उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांच्या मध्यावर आला पाहिजे. एकीत मध्यावर आणि दुसरीत कडेला दिसला, तर डॉक्टरांना दाखवा. तान्ह्या मुलांची नजर पहिले काही महिने थोडी इकडे-तिकडे होते, तेवढ्याने घाबरू नये. पण सहा महिन्यांनंतरचे तिरळेपण अंगावर काढू नये.

कुठे दाखवावे?

त्यासाठी धरमपेठच गाठली पाहिजे असे नाही. नागपुरात १९४७ साली सुरू झालेले मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानमध्ये एम्स आहे; वर्ध्याकडच्या सभासदांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ पडते. जाताना एवढे टिपून न्यावे: दोन दिसणे कोणत्या दिवशी सुरू झाले, चित्रे शेजारी-शेजारी की वर-खाली, कोणत्या दिशेला अंतर वाढते, जवळचे की लांबचे जास्त दुहेरी, सकाळ-संध्याकाळ फरक पडतो का, आणि साखर, रक्तदाब, मार, दंश, फवारणी यांतले काही घडले का. सोबत जुना फोटोही न्यावा. मान पूर्वीपासून कलती आहे की नवी, हे त्यावरून डॉक्टरांना कळते.

आता काकाजींचे काय झाले ते सांगतो. हंगाम संपत आला होता. गव्हाणीजवळ ते उभे होते, मुलगा ट्रॉली रिकामी करीत होता. पट्टी निघाली होती. आम्ही मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिलो आणि विचारले, "काकाजी, साहेब किती?" मान न वळवता, नुसती नजर कानाकडे नेऊन त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "एकच हाये जी. पन तोडीची तारीख देते वेळी दोन असते तं बरं झालं असतं."

ट्रॅक्टर, ट्रक चालवणाऱ्या सर्व सभासदांना व त्यांच्या मुलांना आमची एवढीच सूचना आहे. नव्या हंगामापूर्वी जसे टायर, ब्रेक आणि लाल रिफ्लेक्टर पाहता, तसे डोळेही तपासून घ्या, आणि डॉक्टरांना सांगा की नुसता नंबर नको, हालचालीही पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. आणि कधीही एकाचे दोन दिसू लागले, तर त्या क्षणी गाडी बाजूला लावा. ऊस दुसऱ्या दिवशीही काट्यावर येतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी